पॅलेट ट्रकचं रोलर ब्रॅकेट पुन्हा पुन्हा तुटत असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतजवळच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये अडीच टनी हँड पॅलेट ट्रक (भरलेलं पॅलेट उचलून हाताने ओढत न्यायची गाडी) आहे. पॅलेटखाली जाणाऱ्या दोन लांब हातांपैकी, म्हणजे फोर्कपैकी, उजव्याचं टोक डाव्यापेक्षा खाली राहायला लागलं. पाहिलं तर रोलर ज्यात बसतो त्या ब्रॅकेटला तडा गेलेला. गावातच वेल्डिंग करून घेतलं, पण थोड्याच दिवसांत ते वेल्डच्या कडेलाच पुन्हा तुटलं. आता नवं ब्रॅकेट विकत आणावं, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बनवून घ्यावं, की ट्रकच बदलावा?

पंप दाब धरत असेल आणि फोर्क वाकलेला नसेल तर ट्रक बदलायचं काहीच कारण नाही. दोन्ही बाजूंचं ब्रॅकेट बदला, सोबत पिना, बुश (भोकात बसणारी झिजायची नळी) आणि रोलरही बदला. मात्र ऑर्डर देण्याआधी जुनं ब्रॅकेट बाहेर काढून हातात घ्या, व्हर्नियरने मोजा आणि ते कशामुळे गेलं ते शोधा. हे न करता आणलेलं नवं ब्रॅकेट एक तर बसत नाही, नाही तर बसून पुन्हा तुटतं. माझ्याकडे अंबडला दुरुस्तीला येणाऱ्या ट्रकमध्ये ही दोन्ही प्रकरणं नेहमीची आहेत.

आधी हा भाग काय काम करतो ते पाहू. हँडल मारलं की पंपाचा पिस्टन हँडलकडची बाजू वर उचलतो. त्याच वेळी खालचा लिंक फिरतो आणि फोर्कच्या पोटातला पुश रॉड पुढे सरकतो. रॉडचं दुसरं टोक ब्रॅकेटला पिनने जोडलेलं असतं. ब्रॅकेट फोर्कमधल्या शाफ्टवर फिरतं, त्यामुळे रॉडने ढकललं की रोलर खाली दाबला जातो आणि फोर्कचं टोक वर येतं. सर्वसाधारण ट्रकमध्ये फोर्क ८५ मिमीवरून २०० मिमीपर्यंत जातो, म्हणजे हे छोटं ब्रॅकेट टोकाला सुमारे ११५ मिमी उचलतं. भार समान पसरलेला असला तरी जवळपास दोन-तृतीयांश वजन टोकाकडच्या रोलरवर येतं. पूर्ण अडीच टन ठेवले तर एकेका बाजूच्या ब्रॅकेटवर आठशे किलोच्या आसपास वजन असतं, आणि ते सगळं २० मिमीच्या पिनांवर. त्यात फरशीचा खड्डा आला की झटका वेगळाच.

आता एक बाजू खाली का राहते, हे ठरवू. खाली राहणारी बाजू म्हणजे ब्रॅकेटच खराब, असं नसतं. पुश रॉड वाकलेला असू शकतो, मागच्या लिंकची पिन झिजलेली असू शकते, फोर्कच पिळलेला असू शकतो. एक सोपी तपासणी सांगतो. बहुतेक ट्रकमध्ये डावं-उजवं ब्रॅकेट सारखंच असतं. ट्रक पूर्ण रिकामा ठेवून दोन्ही ब्रॅकेट रोलरसकट अदलाबदल करा आणि पंप मारून पाहा. खाली राहणारी बाजू ब्रॅकेटबरोबर डावीकडे गेली, तर दोष ब्रॅकेटचा, पिनेचा किंवा रोलरचा. ती उजवीकडेच राहिली, तर ब्रॅकेटवर एक रुपयाही घालू नका, आधी रॉड आणि लिंक पाहा. फोर्क सरळ आहे का हे पाहायला मुळापासून टोकापर्यंत दोरी ताणून धरा, मधल्या भागात किती फट दिसते ते दोन्ही फोर्कवर ताडून बघा. तडा गेलेल्या ब्रॅकेटवर ही अदलाबदल करताना एक क्रेटसुद्धा ठेवायचा नाही.

जुनं ब्रॅकेट हातात आलं की घाईने भंगारात टाकू नका. डिझेलने धुऊन उजेडात धरा. भोकाच्या एकाच बाजूला चकाकता चंद्रकोरीसारखा पट्टा दिसत असेल, तर पिन तिथे घासत होती आणि भोक ओव्हल झालंय. व्हर्नियरने भोक आडवं-उभं मोजा, अर्ध्या मिमीचा फरकही पुष्कळ झाला. पिनेच्या मध्यभागी बोटाला पायरी लागली, तर तिथलं ग्रीस फार पूर्वी संपलेलं होतं. ब्रॅकेटच्या गालाच्या (रोलरच्या दोन बाजूंना असलेल्या प्लेटच्या) खालच्या कडेला फरशीवर घासल्याच्या रेघा असतील, तर रोलर इतका झिजला होता की ब्रॅकेटच जमिनीला टेकून ओढलं जात होतं. हे फार वेळा दिसतं, आणि त्या स्थितीत फरशीच्या प्रत्येक जॉइंटवर ब्रॅकेटचं लोखंडच ठेच खातं. रोलर एकाच बाजूने झिजला असेल तर ब्रॅकेटचे दोन गाल समांतर राहिलेले नाहीत, ते पिळलंय. तडा भोकापासून सुरू होऊन बाहेर गेला असेल तर बहुधा कारण सैल पिन. तडा गाल आणि मधली पट्टी जोडणाऱ्या कोपऱ्यातून गेला असेल तर आडवा मार बसलेला असतो.

तुमच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग का टिकलं नाही, तेही यातच आहे. पुष्कळ ट्रकचं ब्रॅकेट ओतीव असतं. त्यावर साध्या वेल्डिंग रॉडने वेल्ड मारला की वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि पुढचा तडा नेमका तिथून जातो. पत्र्याचं, म्हणजे जाड प्लेट कापून जोडलेलं ब्रॅकेट असेल तर वेल्ड धरतो, पण उष्णतेने दोन गालांची भोकं एका रेषेत राहत नाहीत. मग पिन हातोडीने ठोकून बसवावी लागते, ती तिरकी बसते, रोलर तिरका चालतो आणि दुसरा गाल फुटतो. सीझनच्या मधोमध गाडी उभी आहे म्हणून वेल्ड मारून दोन दिवस रिकाम्या क्रेटची ने-आण केली, तर समजू शकतो. त्यावर द्राक्षाचं भरलेलं पॅलेट उचलायचं नाही. टोक अचानक बसलं की वरचे बॉक्स सरळ माणसाच्या अंगावर येतात.

ऑर्डर देताना लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे: दुकानात जाऊन 'अडीच टनाचं ब्रॅकेट द्या' म्हणतात. अडीच टनी ट्रक पंधरा प्रकारचे मिळतात. रंग, स्टिकर, हँडल सगळं सारखं, आणि आतली मापं वेगळी. एकाच स्टिकरखाली आधीच्या आणि नंतरच्या लॉटमध्येही फरक निघतो. ट्रकवरची प्लेट शाबूत असेल तर मॉडेल आणि सिरीयल नंबर उतरवून विक्रेत्याला द्या, पण मोजमाप तरीही करा.

सगळ्यात आधी शाफ्टच्या भोकाच्या मध्यापासून रोलरच्या एक्सलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या, आणि मग शाफ्टच्या मध्यापासून पुश रॉडच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं. टोक किती उचललं जाणार हे या दोन अंतरांच्या प्रमाणावर ठरतं. पुश रॉडकडचा हात साधारण ५० मिमी धरला आणि नव्या ब्रॅकेटमध्ये तो ३ मिमीने लांब निघाला, तर टोकाची उचल सुमारे सहा टक्क्यांनी घटते, म्हणजे ११५ मिमीत सहा-सात मिमीचा फरक. एक बाजू जुनी आणि एक नवी असेल तर पॅलेट तिरकं उचललं जाणार हे नक्की. दोन भोकांच्या एकमेकांकडच्या कडांमधलं अंतर मोजून त्यात दोन्ही भोकांच्या व्यासाचा अर्धा-अर्धा भाग मिळवला की मध्याचं अंतर अचूक मिळतं. नजरेने मध्य धरून मोजलं की मिमी-दोन मिमी हमखास चुकतात. ओव्हल झालेलं भोक मोजायचं असेल तर न झिजलेल्या बाजूच्या कडेचा आधार घ्या.

मग दोन गालांमधली आतली रुंदी. रोलर साधारणपणे ८० किंवा ८२ मिमी व्यासाचे असतात. एकच रोलर असेल तर त्याची लांबी बहुतेक ९० मिमीच्या वर असते आणि जोडीचा (एकामागे एक दोन रोलर) असेल तर ७० मिमीच्या आसपास. दोन्ही बाजूंना पातळ वॉशर धरून रोलर मोकळा फिरला पाहिजे, पण आडवा खेळायला नको. एक्सल बहुधा २० मिमीचा, कारण रोलरमध्ये ६२०४ बेअरिंग असते आणि तिचं आतलं भोक २० मिमीचं. गालाची जाडी, स्प्रिंग पिनेचं (एक्सल जागेवर धरणाऱ्या पोकळ, दबणाऱ्या पिनेचं) भोक आणि त्याची दिशा, पुश रॉड ज्या खाचेत बसतो त्याची रुंदी, हेही लिहून घ्या. जोडीच्या रोलरमध्ये ब्रॅकेटला आणखी दोन छोट्या पट्ट्या लागतात, त्यांची भोकं तीन असतात आणि तीही झिजतात. त्या विसरल्या जातात. कागदावर हाताने आकृती काढून त्यावर मापं लिहिलीत की दुकानदार असो वा टर्नर, गडबड होत नाही.

तयार मिळत असेल तर तयार घ्या. मिळत नसेल तर अंबड-सातपूरमध्ये बनवून घेणं अवघड नाही, लेझर कटिंगपासून लेथपर्यंत सगळं काही किलोमीटरच्या आत आहे. पण फॅब्रिकेटरला नुसतं जुनं ब्रॅकेट देऊन 'असंच करा' म्हणू नका, झिजलेल्या भोकाची हुबेहूब नक्कल तयार होते. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. दोन्ही गाल एकावर एक क्लँप करून भोकं एकदम पाडायची, एकेक करून नाही. भोकांचं शेवटचं माप वेल्डिंग झाल्यावर रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) किंवा बोअर करून काढायचं. आणि वेल्डसाठी ७०१८ नंबरचा (लो-हायड्रोजन) वेल्डिंग रॉड सुकवून वापरायचा. पिना आणि शाफ्ट ईएन-८ (मध्यम कार्बनच्या) पोलादाचे करून घ्या आणि घासणारा भाग कडक करून घ्या. साध्या एमएस (माइल्ड स्टील) बारची पिन पाहता पाहता पायरी पाडते. जिथे गनमेटलचा बुश बसवायला जागा आहे तिथे तो बसवा, म्हणजे पुढच्या वेळी ब्रॅकेटऐवजी बुश बदलून भागेल.

रोलर बदलताना नायलॉन की पीयू (पॉलीयुरेथेन), हा प्रश्न येतोच. नायलॉन कडक असतो, हलका चालतो, पाण्याने बिघडत नाही, पण फरशीचा प्रत्येक झटका थेट ब्रॅकेटला देतो आणि त्याच्या कडा टवकतात. पीयू थोडा दबतो, आवाज कमी, इपॉक्सीची फरशी वाचते आणि ब्रॅकेटलाही आराम. मात्र भार ठेवून रात्रभर उभा केला तर त्याला सपाट डाग पडतो, आणि कायम ओल्या जागेत काही पीयू आवरणं मऊ पडून सुटतात. माझं मत: धुण्याच्या जागेतला ट्रक नायलॉनवर ठेवा, कोल्ड स्टोअर आणि डॉकवरचा (कंटेनर भरायच्या धक्क्यावरचा) पीयूवर. फरशीचे जॉइंट तुटलेले असतील तर एका रोलरऐवजी जोडीचे रोलर असलेला ट्रक घ्या, एक रोलर खाचेत असताना दुसरा भार धरतो. पण एकाच ट्रकवर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला पीयू असं कधीही करू नका. बेअरिंग घेताना रबरी सील असलेली टू-आरएस घ्या, पत्र्याचं झाकण असलेली नको.

बेअरिंगचा हा आग्रह तुमच्या कामामुळे आहे. फेब्रुवारी ते एप्रिल तुमचा ट्रक शून्य अंशाजवळच्या खोलीतून थेट पस्तीस अंशांच्या डॉकवर येतो. थंड लोखंडावर हवेतली वाफ लगेच पाणी होऊन बसते, बेअरिंगच्या आत आणि पिनेच्या भोवतीही. वर संध्याकाळी क्लोरीनच्या पाण्याने फरशी धुतली जाते, ते पाणी रोलरवरच उडतं. ग्रीस धुतलं जातं, गंज चढतो, पिन ब्रॅकेटमध्ये धरते. पिन धरली की ती ब्रॅकेटबरोबर फिरते, स्प्रिंग पिन कापली जाते आणि मग एक्सल मोकळा होऊन भोक खायला लागतो. तडा तिथून पुढची गोष्ट आहे. म्हणून धुणं झालं की साध्या पाण्याने रोलर धुवा, पुसा आणि ग्रीस भरायच्या निपलमधून ताजं ग्रीस द्या, इतकं द्या की जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर आलं पाहिजे. निपल नसलेल्या ट्रकला पिन काढूनच ग्रीस लावावं लागतं, ते सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा करून घ्या.

बसवण्याचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. फोर्क पूर्ण खाली करा, दाब सोडा. ट्रक आडवा करायचा असेल तर पंपाचा तेल भरण्याचा बोल्ट वरच्या बाजूला येईल असा करा, नाही तर तेल सांडतं. आडवा न करता टोक उचलून काम करायचं असेल तर खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. पंपाच्या दाबावर उचललेल्या फोर्कखाली हात घालायचा नाही, हे प्रत्येक पोराला बजावून सांगा. आधी रोलरच्या एक्सलची स्प्रिंग पिन योग्य मापाच्या पंचने बाहेर काढा. खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरला की पिनेचं तोंड फुगतं आणि ती आणखीच अडकते. मग एक्सल, रोलर, पुश रॉडची पिन आणि शेवटी शाफ्ट. गंजून बसलेलं असेल तर रस्ट रिमूव्हर मारून तासभर थांबा. पिवळ्या धातूच्या ड्रिफ्टवर (ठोकायच्या दांडीवर) हातोडी मारा, शाफ्टच्या तोंडावर थेट नको. बसवताना स्प्रिंग पिना सगळ्या नव्या घ्या. जुनी काढलेली पिन पुन्हा तितकी ताणून धरत नाही, आणि तिची किंमत काहीच नाही.

जोडून झालं की हँडलवरचा लिव्हर उतरवण्याच्या स्थितीत धरून आठ-दहा वेळा हँडल मारा, आडवं केल्यामुळे आत गेलेली हवा निघून जाईल. मग रिकामा ट्रक पूर्ण वर घेऊन चार ठिकाणी टेपने मोजा, दोन्ही फोर्कचं मूळ आणि टोक. दोन टोकांत दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक नको. पुश रॉडला आटे आणि चेकनट असेल तर तिथे ताळमेळ बसवा, पण दोन्ही बाजूंना मोजून. रॉड जास्त लांब केला तर फोर्क खाली बसल्यावरही रोलर आत मिटत नाही आणि पॅलेटमध्ये शिरताना फळीला अडतो. जास्त आखूड केला तर टोक वर येत नाही. शेवटी थोडं वजन ठेवून फिरवा, मग पूर्ण.

आता ज्या कारणासाठी मी एवढं लिहितोय ते. ब्रॅकेट तुमच्याकडे बहुधा दोन ठिकाणी मार खातंय.

पहिलं पॅलेटमध्ये. निर्यातीचं पॅलेट १२०० बाय १००० मिमीचं आणि तुमचा फोर्क ११५० मिमीचा. १२०० च्या बाजूने फोर्क पूर्ण आत गेला तर रोलर खालच्या फळ्यांमधल्या मोकळ्या जागेत यायला हवा. पोरं घाईत फोर्क अर्धा आत घालतात आणि पंप मारतात. रोलर खालच्या फळीवर बसलेला असतो, तो फळीला खाली दाबतो, फोर्क पॅलेटला वर उचलतो. एक तर फळी खिळ्यांसकट निखळते, नाही तर सगळा जोर ब्रॅकेटवर तिरका येतो. १००० च्या बाजूने आत गेलं तर टोक पलीकडे १५० मिमी बाहेर निघतं आणि समोरच्या पॅलेटला धडकतं. यावर उपाय अगदी स्वस्त आहे: तुमच्या पॅलेटच्या दोन्ही बाजूंनी योग्य जागा एकदा ठरवून फोर्कच्या वरच्या अंगावर पिवळ्या रंगाचे दोन पट्टे मारा. पट्टा पॅलेटच्या कडेला आला की थांबायचं, मगच पंप. हे सांगायला भाषासुद्धा लागत नाही, बाहेरून आलेल्या कामगाराला पहिल्याच दिवशी समजतं.

दुसरं ठिकाण कंटेनर. रेफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरची फरशी सपाट नसते, हवा खेळण्यासाठी लांबीच्या दिशेने अॅल्युमिनियमच्या टी-पट्ट्या असतात. सरळ चाललं तर रोलर पट्ट्यांवर टेकून जातो. आत वळवलं की रोलर पट्ट्यांच्या कडांवर आडवा घासतो आणि ब्रॅकेटचे गाल पिळले जातात. त्यामुळे ट्रक डॉकवरच सरळ करून घ्या, कंटेनरच्या आत वळण नको. डॉक आणि कंटेनर यांच्यामधली लोखंडी प्लेट पाहा. तिची कड वर उचललेली असेल तर भरलेल्या प्रत्येक फेरीला रोलर त्या कडेवर आपटतोय. कड घासून उतरती करा. आणि ट्रायमिक्स (काँक्रीटच्या) फरशीचे तुटलेले जॉइंट, ड्रेनच्या वाकलेल्या जाळ्या सीझनच्या आधी दुरुस्त करून घ्या. त्याचा खर्च फरशीच्या नावावर पडतो म्हणून टाळला जातो, आणि मग तोच पैसा ब्रॅकेट, बेअरिंग आणि फुटलेल्या बॉक्सवर जातो.

जानेवारीत काम सुरू व्हायच्या आधी शेल्फवर एक जोडी ब्रॅकेट, रोलरचा एक पूर्ण सेट बेअरिंगसकट, एक्सल, शाफ्ट आणि मूठभर स्प्रिंग पिना ठेवा. डब्यात मापांचा तो कागदही ठेवा. आठवड्यातून एकदा सुपरवायझरने फोर्क वर घेऊन, टोकांखाली ठोकळे देऊन, टॉर्चने चार गोष्टी पाहायच्या: स्प्रिंग पिन जागेवर आहे का, रोलर हाताने मोकळा फिरतो का, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसते का, आणि रोलर इतका झिजलाय का की गाल जमिनीपासून बोटभरही वर राहिलेला नाही. शेवटचं दिसलं तर त्याच दिवशी रोलर बदला.

तुटलेल्या ब्रॅकेटचं म्हणाल तर, तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून तडा आतल्या कोपऱ्यातून गेलेला वाटतो. तसं असेल तर आधी रंगाचे पट्टे मारा आणि डॉकची प्लेट बघा, आणि नवं ब्रॅकेट त्यानंतर चढवा.